दुष्काळ की टंचाई?

इंग्रजीतला 'डर्थ' हा शब्द 'डिअर'वरून आला. डिअर म्हणजे महाग. धान्य महागले की टंचाई आलीच, असा त्याचा जुना हिशेब. आपला 'दुर्भिक्ष' शब्द त्याही पुढे जातो : जेव्हा भिक्षासुद्धा मिळेनाशी होते तो काळ!

पण मला लिहायचे आहे ते 'स्कॅर्सिटी'बद्दल. हा शब्द सरकारी कागदांतला. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर इंग्रजांनी फॅमिन कमिशन नेमले आणि पुढे प्रांतोप्रांती फॅमिन कोड आले. त्यांत पायऱ्या ठरल्या. आधी स्कॅर्सिटी, ती वाढली तर फॅमिन. आपले नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी. १८९६-९७ आणि लगेच १८९९-१९०० असे दोन फॅमिन या प्रांताने भोगले.

नंतरची गंमत (गंमत तरी कशी म्हणावी!) आपल्याच राज्यातली. १९६३ साली महाराष्ट्राने चक्क एक कायदा करून राज्यात लागू असलेल्या कायद्यांमधून 'फॅमिन' हा शब्द काढून टाकला आणि तिथे 'स्कॅर्सिटी' घातला. कारण असे की, सरकार पीकपाण्यावर सतत लक्ष ठेवते, टंचाईची चिन्हे दिसताच मदत देते, तेव्हा दुष्काळ पडायला वावच नाही.

नऊच वर्षांत १९७२ उजाडले. मुख्य तडाखा मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्राला. आमच्या धरमपेठेत तो पोचला रेशनच्या रांगेतून, लाल मिलो ज्वारीच्या रूपाने. तिच्या भाकरीकडे माझी धाकटी भावंडे बघतसुद्धा नसत. घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशी 'दुकाय पडला जी' म्हणायच्या. टंचाई हा शब्द त्यांच्या तोंडी मी कधीच ऐकला नाही.

सरकारने हात झटकले नाहीत, हेही सांगायला हवे. मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडत होती, रस्ते, बंधारे बांधत होती. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा १९७७ चा कायदा आला. म्हणजे शब्द पुसला तरी काम झाले. पण शब्द पुसायची घाई मला आजही पटत नाही. नाव सौम्य झाले की मदतीचा निकडही सौम्य होते. २०१५ साली सरकारने हजारो गावांत जाहीर केली ती 'दुष्काळसदृश परिस्थिती'. सदृश! प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, तेव्हा कुठे २०१६ मध्ये त्या कागदांवर 'दुष्काळ' हा शब्द आला.