अनामिक शिल्पं कुणाची?

कारखान्याच्या फोटोला कुणी कला म्हणेल, हे मला आधी पटतच नव्हतं. आमच्या घरात कारखाना म्हणजे पहाटेचा भोंगा आणि आज्याचा खोकला. मग बेर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन नवराबायकोचे फोटो बघितले.

बेर्न्ड झीगेनचा, म्हणजे लोखंडाच्या खाणींच्या मुलखातला. खाणीचं चित्र काढायला बसला, तर चित्र पुरं होण्याआधीच पाडापाडी सुरू. म्हणून त्यानं कॅमेरा धरला. हिला मुळात फोटोग्राफीच शिकलेली. १९५९ पासून दोघं मिळून आधी झीगेनच्या मुलखात आणि रूरमध्ये, पुढं इंग्लंड-अमेरिकेपर्यंत हिंडले. दिवस ढगाळ बघायचा, म्हणजे सावली पडत नाही. फोटो समोरून, काळापांढरा. मग पाण्याच्या टाक्या, भट्ट्या, खाणीच्या तोंडावरचे चाकाचे मनोरे असे जातवार वेगळे करायचे (त्यांच्याकडं जात टाक्यांना लावली, हे एक बरं) आणि नऊ-नऊ, पंधरा-पंधरा शेजारी लावायचे. एकट्या टाकीत काही दिसत नाही. शेजारी लावल्या की कुणाचे पाय बारीक, कुणाचं डोकं जड, सगळं उघडं पडतं. १९७० च्या पुस्तकाला त्यांनी नाव दिलं 'अनामिक शिल्पं'. १९९० ला व्हेनिसच्या बिएनालेत बक्षीस मिळालं, तेही शिल्पकलेचं!

पण या फोटोंत माणूस नाही. एका अर्थी बरंच; शोभेला उभा केलेला कामगार आपण पुष्कळ बघितलाय. तरी हिटलरच्या लढाईत याच रूरच्या खाणींत पकडून आणलेले रशियन कैदी उपाशीपोटी राबवले, मेले. ते मनोऱ्याच्या फोटोत कुठं दिसणार?

मुंबईच्या गिरण्याही फोटोत झकास येतात. चिमणी, करवतीच्या दातांसारखी छपरं. त्याच छपराखाली साचेखात्यात आपल्या माणसाला घेत नव्हते. धोट्यात कांडी घातली की धागा तोंडानं ओढायचा, आणि आपल्या थुंकीचा म्हणे विटाळ! पगार मात्र साच्यावरच जास्त. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हट्टानं लावून धरलं, तेव्हा कुठं ही गोष्ट मागण्यांत आली.

आज्याच्या गिरणीचा एक फोटो माझ्याजवळ आहे, चिमणी पाडायच्या आधीचा. दोन खात्यांची दोन दारं, दिसायला अगदी सारखी. मागच्या बाजूला मी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय : डावं साचेखातं, उजवं त्रासन. आजा उजव्या दारानं जायचा.