काडतुसाची पुंगळी : वंगण व त्याची सफाई

काडतुसातील दारू, टोपी व गोळी यांना एकत्र धरून ठेवणाऱ्या धातूच्या नळकांड्यास पुंगळी म्हणतात. ती बहुधा पितळेची असते. पुंगळी घडविताना, तसेच उडवलेली पुंगळी पुन्हा भरण्यासाठी मूळ मापावर आणताना तिला वंगण लावावे लागते. मात्र काडतूस वापरात येण्यापूर्वी ते वंगण संपूर्ण काढून टाकणे तितकेच आवश्यक असते. वंगण व काडतूस यांचा संबंध पितळी पुंगळीहून जुना असून भारताच्या इतिहासात त्यास विशेष स्थान आहे.

कागदी काडतूस : एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत काडतूस कागदाचे असे. १८५३ च्या नमुन्याची एनफील्ड बंदूक तोंडाकडून भरली जाई. आटे पाडलेल्या नळीत गोळी सहज उतरावी व दारूची काजळी मऊ राहावी, म्हणून काडतुसाच्या गोळीकडील टोकास चरबी व मेण यांचे मिश्रण लावीत. ही चरबी गायीची व डुकराची आहे, अशी वार्ता जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळील डमडम येथून पसरली. काडतूस दातांनी फाडावे लागत असल्याने हा प्रश्न हिंदू व मुसलमान शिपायांच्या धर्माचा झाला. शिपायांनी स्वतःच्या पसंतीचे वंगण वापरावे व काडतूस हाताने फाडावे, अशी मुभा सरकारने दिली; पण तोवर विश्वास उडाला होता. २४ एप्रिल १८५७ रोजी मीरत येथील घोडदळाच्या ९० पैकी ८५ स्वारांनी काडतुसे घेण्यास नकार दिला आणि १० मे रोजी तेथे उठाव झाला. उठावाची कारणे अनेक होती. परंतु त्याला तोंड फोडणारे निमित्त वंगणाचे ठरले.

पितळी पुंगळीचा उदय : मागून भरावयाच्या बंदुका आल्यावर कागद मागे पडला. वूलिच येथील शाही प्रयोगशाळेचे अधिकारी एडवर्ड बॉक्सर यांनी १८६६ च्या सुमारास स्नायडर बंदुकीसाठी पितळी पत्र्याची गुंडाळी करून त्यास लोखंडी बूड जोडलेले काडतूस तयार केले. मार्टिनी–हेन्री बंदुकीसाठीही प्रथम याच पद्धतीची पुंगळी होती. सुदानच्या मोहिमेत (१८८४–८५) अशा पुंगळ्या तापलेल्या नळीत अडकून फाटत. यानंतर अखंड ओढलेली पितळी पुंगळी प्रचारात आली.

मराठवाड्यातील हिंगोली येथे हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी होती. १८५३ च्या तहान्वये या फौजेच्या खर्चासाठी वऱ्हाड प्रांत इंग्रजांकडे सोपविण्यात आला. १९०३ मध्ये ही फौज भारतीय सैन्यात विलीन झाली. हिंगोलीसारख्या छावणीच्या हयातीतच काडतूस कागदाकडून पितळेकडे गेले. वंगण शिपायाच्या दातांखालून निघून कारखान्यात गेले, ते याच काळात.

निर्मिती : महाराष्ट्रात पुण्याजवळ खडकी येथे १८६९ मध्ये दारूगोळा कारखाना स्थापन झाला. स्वातंत्र्योत्तर काळात जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथे १९६४ मध्ये लहान शस्त्रांच्या काडतुसांचा कारखाना निघाला. ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असलेले पितळ अतिशय तन्य असल्याने पुंगळीसाठी सर्वत्र पसंत केले जाते. पत्र्यातून प्रथम वाटी कापतात व ती साच्यांतून क्रमाक्रमाने ओढून लांब करतात. ओढताना पितळ साच्यास चिकटू नये म्हणून साबणाचे पाणी वा तत्सम वंगण देतात. ओढण्याने धातू कठीण होतो. म्हणून मधूनमधून अनुशीतन करावे लागते. त्यापूर्वी वंगण धुतले नाही, तर ते जळून पृष्ठावर डाग पडतात. अनुशीतनानंतर विरल सल्फ्यूरिक अम्लाने ऑक्साइडाचा थर काढून पुंगळी पुन्हा धुतात. अशा रीतीने एकाच पुंगळीस वंगण लावणे व काढणे हे अनेकदा घडते.

पुनर्भरण : उडवलेली पुंगळी दाबामुळे फुगून बंदुकीच्या कोठीचा आकार घेते. ती पुन्हा भरण्यासाठी पोलादी साच्यात दाबून मूळ मापावर आणतात. अमेरिकेत १८८४ पासून ‘आयडियल’ या नावाने विकल्या गेलेल्या हत्यारांनी ही कला सामान्य नेमबाजांपर्यंत नेली. साच्यात घालण्यापूर्वी पुंगळीस लॅनोलीन (लोकरीतील मेणट द्रव्य), मेण किंवा तेल यांचा पातळ हात देतात. वंगण कमी पडल्यास पुंगळी साच्यात अडकते. जास्त झाल्यास खांद्याशी साचून तेथे खळगे पडतात.

हे वंगण पुढे राहिल्यास तीन दोष उद्भवतात. पहिला, तेल आत झिरपल्यास टोपी व दारू निकामी होऊन काडतूस उडत नाही. दुसरा, त्यावर धूळ चिकटते. इटलीच्या ब्रेडा मशिनगनमध्ये काडतुसांना तेल देण्याची योजना होती. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ती फार त्रासदायक ठरली. तिसरा दोष सर्वांत गंभीर होय. कोरडी पुंगळी स्फोटाच्या क्षणी कोठीच्या भिंतीस घट्ट धरून राहते व मागे जाणाऱ्या जोराचा काही भाग स्वतः सोसते. तेलकट पुंगळी मागे सरकते आणि तो सर्व भार बोल्टवर, पर्यायाने नेमबाजाच्या चेहऱ्यासमोरील भागावर येतो. म्हणूनच ब्रिटनमध्ये लष्करी बंदुकांची कसोटी घेताना मुद्दाम तेल लावलेले काडतूस उडवीत.

सफाईच्या पद्धती : थोड्या पुंगळ्या कोरड्या फडक्याने पुसतात किंवा विद्रावकाने धुतात. पाण्यात विरघळणारे वंगण ऊन साबणाच्या पाण्याने निघते. पुंगळ्या अधिक असल्यास फिरत्या वा कंप पावणाऱ्या भांड्यात मक्याच्या बुरकुंडांचा किंवा अक्रोडाच्या कवचांचा भरड चुरा घालून त्यात त्या घोळवतात. पोलादी सूक्ष्म सळ्या व साबणाचे पाणी यांचा किंवा श्राव्यातीत ध्वनितरंगांचाही उपयोग करतात. ओल्या पद्धतीनंतर पुंगळी आतूनही पूर्ण वाळवावी लागते.

अमोनियायुक्त द्रव्ये मात्र वर्ज्य मानतात. यामागील अनुभव भारतातील आहे. पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेली काडतुसे न वापरताच तडकत. या दोषास ‘मोसमी तडकणे’ असे नाव पडले. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनी त्याची मीमांसा केली. ओढकामाने पितळात राहिलेला अंतर्गत ताण आणि दमट हवेतील अमोनिया यांच्या संयुक्त परिणामाने या भेगा पडतात. घोड्यांच्या मूत्रातून अमोनिया सुटत असे. कमी तापमानास अनुशीतन करून ताण घालविणे, हा त्यावरील उपाय होय.

भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वये दारूगोळ्याच्या निर्मितीस परवाना आवश्यक असल्याने घरगुती पुनर्भरणाचा येथे प्रसार झालेला नाही. खडकी व वरणगाव येथील कारखाने १ ऑक्टोबर २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या शासकीय कंपनीकडे आहेत.