हौशी चार्जरला वीज कोणती? कल्याण-कर्जत रेल्वेमार्गावरचे जुने कोडे

१/ उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूरचा एखादा विद्यार्थी रिमोटवर उडणारे छोटे विमान बांधतो. लिथियम-पॉलिमर बॅटरी घेतो, चार्जरही घेतो. मग ध्यानात येते की या चार्जरला भिंतीतली २३० व्होल्टची वीज चालतच नाही. त्याला १२ किंवा २४ व्होल्ट डीसी हवे. ते स्वस्तात आणायचे कोठून? #धागा #इतिहास

२/ प्रश्न बाजारातला वाटतो, पण त्याला मोठा इतिहास आहे. एसी वीज दूरवर नेणे सोपे, कारण ट्रान्सफॉर्मरने तिचा दाब वाढवता व घटवता येतो. बॅटरीला मात्र डीसीच लागते. म्हणजे वाटेत कोठेतरी रूपांतर अटळ. ते कोठे करायचे आणि किती व्होल्टवर, या दोन निर्णयांवर सारा खर्च ठरतो. हेच दोन निर्णय या तीन शहरांतून जाणाऱ्या रेल्वेलाही घ्यावे लागले होते.

३/ ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला, हार्बर मार्गावर, भारतातील पहिली विजेवरची रेल्वेगाडी धावली. तारेतील दाब होता १५०० व्होल्ट डीसी. १९३० पर्यंत या तारा कल्याणमार्गे पुणे आणि इगतपुरी येथवर पोचल्या. १ जून १९३० रोजी सुरू झालेली डेक्कन क्वीन याच तारांखालून अंबरनाथ, बदलापूर मागे टाकत घाटाकडे जाऊ लागली.

४/ वीज मात्र एसी रूपातच तयार होत होती. सह्याद्रीच्या पायथ्याशी टाटांची खोपोली (१९१५) आणि भिवपुरी (१९२२) ही जलविद्युत केंद्रे होती. १९२९ च्या सुमारास रेल्वेने ठाकुर्लीजवळ चोळे येथे स्वतःचे कोळशावरचे वीजगृह उभारले. एसीचे डीसी करण्याचे काम रुळांलगतच्या उपकेंद्रांत होई. जगभरच्या रेल्वे-उपकेंद्रांत त्यासाठी आधी फिरती यंत्रे आली, मग पाऱ्याच्या वाफेचे रेक्टिफायर आणि अखेरीस सिलिकॉन डायोड.

५/ मग डीसीचा हट्ट कशासाठी? त्या काळची डीसी सीरिज मोटार थांबलेली गाडी हलवताना भरपूर जोर देई आणि तिचा वेग आवरणेही सोपे होते. नेहमीच्या ५० हर्ट्झ एसीवर चालणारी तितकीच भरवशाची रेल्वे मोटार तेव्हा हाताशी नव्हती. रूपांतराची यंत्रे अवजड, म्हणून ती जमिनीवर ठेवली गेली. गाडीला तयार डीसी मिळू लागले.

६/ या सोयीची किंमत तांब्यात मोजावी लागली. गाडीला १५ लाख वॅट हवे असतील, तर १५०० व्होल्टवर १००० अँपिअर प्रवाह लागतो. २५,००० व्होल्टवर त्याच शक्तीला ६० अँपिअर पुरतात. तारेत उष्णता होऊन वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. म्हणून कमी दाबाच्या मार्गावर तारा जाड आणि उपकेंद्रे जवळजवळ ठेवावी लागतात.

७/ १९५० च्या दशकात फ्रान्सने ५० हर्ट्झची २५,००० व्होल्ट एसी पद्धत यशस्वी करून दाखवली. भारताने ती १९५७ मध्ये स्वीकारली. रेक्टिफायर आता इंजिनातच मावू लागला होता. मुंबई परिसर मात्र डीसीचे बेट बनून राहिला आणि इगतपुरीला इंजिने बदलत राहिली. हार्बर मार्गावरची शेवटची डीसी लोकल धावली ती थेट एप्रिल २०१६ मध्ये.

८/ या ९१ वर्षांचा सारांश एका वाक्यात सांगता येतो: रूपांतराचे यंत्र जसे लहान झाले, तशी त्याची जागा उपकेंद्रातून गाडीत सरकली. हौशी चार्जरचेही दोन प्रकार याच विभागणीतले. एकात वीजपुरवठा पेटीतच असतो. तो सुटसुटीत, पण सहसा कमी शक्तीचा. दुसरा बाहेरून डीसी घेतो. तो त्याच किमतीत जास्त शक्ती देतो, मात्र त्याचे ‘उपकेंद्र’ वेगळे आणावे लागते.

९/ स्वस्त उपकेंद्राची गोष्ट उल्हासनगरला वगळून सांगता येत नाही. दुसऱ्या महायुद्धातील कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सुमारे १ लाख सिंधी निर्वासित आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि शेजारच्या उल्हास नदीवरून वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. ‘कॅम्प १’ ते ‘कॅम्प ५’ ही छावणीची ओळख पत्त्यांत आजही टिकून आहे.

१०/ ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, हा विनोद महाराष्ट्रभर फिरला. त्यामागची परिस्थिती हसण्याजोगी नव्हती. घरदार गमावलेल्यांना बराकीत राहून, तुटपुंज्या भांडवलावर, खपेल अशी वस्तू बनवायची होती. ग्राहकही बेताच्या कमाईचा. ‘स्वस्त’ ही दोन्ही बाजूंची निकड होती.

११/ त्याच निकडीचे देशभरचे अपत्य म्हणजे एलिमिनेटर. ट्रान्झिस्टर रेडिओचे सेल पुन्हा पुन्हा विकत घेणे परवडत नसे. त्याऐवजी छोटा ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि कपॅसिटर घातलेली डबी भिंतीतल्या विजेला लावली जाई. नावाप्रमाणे ती बॅटरीचा खर्च संपवी. तिची मर्यादा एकच होती. ५० हर्ट्झवर शक्ती वाढवायची, तर लोखंडी गाभा आणि तांब्याचे वेटोळे वाढवावे लागे. जास्त अँपिअर म्हणजे जास्त किलो.

१२/ ही कोंडी एसएमपीएसने फोडली. भिंतीतली एसी आधी डीसी करायची, मग ट्रान्झिस्टरने तिची सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करायची. वारंवारता इतकी वाढली की ट्रान्सफॉर्मर तळहाताएवढा उरतो. १९७७ च्या ॲपल २ संगणकात अशीच हलकी रचना होती. संगणक घरोघरी गेले, तसे वीजपुरवठे लाखोंनी बनले आणि स्वस्त झाले.

१३/ आजचा पहिला पर्याय त्या लाटेतूनच आला: जुन्या संगणकाचा एटीएक्स पुरवठा. हिरवी तार काळ्या तारेला जोडली की तो सुरू होतो. डब्यावरच्या एकूण वॅटवर मात्र विसंबू नये. जुन्या नमुन्यांत बरीच शक्ती ५ आणि ३.३ व्होल्टसाठी राखलेली असे. लेबलावर १२ व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिले आहेत, तोच आकडा खरा.

१४/ दुसरा पर्याय म्हणजे सर्व्हरमधून निवृत्त झालेला पुरवठा. १२ व्होल्टवर ४० अँपिअर किंवा अधिक, कार्यक्षमता उत्तम, पंखा कर्कश. तिसरा म्हणजे एलईडी पट्ट्यांसाठी विकला जाणारा जाळीदार धातूच्या पेटीतला एसएमपीएस. तो नवा, स्वस्त आणि २४ व्होल्टमध्येही मिळतो. मात्र त्याचे २३० व्होल्टचे स्क्रू बहुधा उघडेच असतात आणि स्वस्त नमुन्यांवर लिहिलेले अँपिअर अनेकदा फुगवलेले असतात.

१५/ किती शक्ती लागेल? सहा सेलची बॅटरी भरत आली की २५.२ व्होल्टवर असते. ५ अँपिअरने भरायची तर १२६ वॅट. चार्जरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर त्याला सुमारे १४८ वॅट हवेत. म्हणजे १२ व्होल्टवर १२.३ अँपिअर, पाचव्या हिश्शाची राखीव शक्ती धरून १५. तेच २४ व्होल्टवर साडेसात अँपिअरचा पुरवठा पुरतो, प्रवाह निम्मा होतो आणि तारेतील उष्णता पाव. चार्जर २४ व्होल्ट स्वीकारत असेल, तर तोच दाब निवडावा. रेल्वेने १५०० वरून २५,००० वर जाताना हेच गणित मांडले होते.

१६/ दोन जागी काटकसर करू नये. पहिली अर्थिंग: धातूच्या पेटीला तीन पिनांची तार हवीच, उघड्या टोकांवर झाकण हवे. दुसरी मालिकेतली जोडणी: २४ व्होल्टसाठी सर्व्हरचे दोन पुरवठे एकापुढे एक जोडण्याचा मोह होतो. त्यांचे ऋण टोक बहुधा पेटीला आणि अर्थिंगला जोडलेले असते, त्यामुळे तशी जोडणी थेट शॉर्टसर्किट ठरते. काहीजण त्यासाठी अर्थिंगच तोडतात. तेथे वाचलेले पैसे जिवावर बेतू शकतात. पुरवठा थेट बॅटरीला लावणे तर वर्ज्यच. मध्ये चार्जर हवाच.

१७/ बदलापूर येथे पूर्वी प्रवासी घोडे बदलत, म्हणून ते नाव पडले, अशी लोकसमजूत आहे. पुढे त्याच वाटेवर विजेनेही रूप बदलले. आधी रुळांलगत, मग गाडीच्या पोटात. आता तो बदल एखाद्या विद्यार्थ्याच्या टेबलावर, शिवणयंत्राशेजारच्या पेटीत होतो. उल्हासनगरच्या पहिल्या पिढीला स्वस्त वस्तू बनवावी लागली, या पिढीला ती पारखून घ्यावी लागते. पेटीवरचा आकडा वाचणे आणि अर्थिंग न तोडणे, एवढे केले तरी पुष्कळ. (धागा समाप्त)