अपशब्दाची मालकी कोणाची?

एखाद्या समाजाला हिणवण्यासाठी वापरलेला शब्द त्याच समाजाने नाव म्हणून मिरवावा का, हा प्रश्न अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

सायमन टॅम यांनी २००६ मध्ये पोर्टलंड येथे आशियाई वंशाच्या कलावंतांचा ‘द स्लँट्स’ हा रॉक बँड स्थापन केला. आशियाई लोकांच्या तिरप्या डोळ्यांची टवाळी करणारा हा शब्द. त्यातील विखार काढून घेण्यासाठीच टॅम यांनी तो निवडला. मात्र १९४६ च्या लॅनहॅम कायद्यात मानहानीकारक चिन्हांना मनाई असल्याने व्यापारचिन्ह कार्यालयाने नोंदणी नाकारली. १९ जून २०१७ रोजी आठही न्यायमूर्तींनी ही तरतूद अभिव्यक्तिस्वातंत्र्याशी विसंगत ठरवून रद्द केली.

या निकालाला दुसरी बाजूही आहे. ‘वॉशिंग्टन रेडस्किन्स’ या फुटबॉल संघाच्या नावाविरुद्ध मूळ अमेरिकी रहिवासी याच तरतुदीच्या आधारे लढत होते. त्यांचे शस्त्रच गेले. संघाने ते नाव सोडले ते २०२० मध्ये, प्रायोजकांचा दबाव वाढल्यावर.

समाजांतर्गतही एकमत नसते. समलिंगी कार्यकर्त्यांनी १९९० मध्ये ‘क्विअर नेशन’ हे नाव अभिमानाने घेतले. याउलट कृष्णवर्णीयांच्या ‘एनएएसीपी’ या संघटनेने २००७ मध्ये डेट्रॉइटमध्ये आपल्यावरील अपशब्दाची प्रतीकात्मक अंत्ययात्राच काढली.

ज्यांनी अपमान सोसला त्यांनीच शब्दाचा अर्थ ठरवावा, हे तत्त्व न्याय्य वाटते. परंतु शब्द कोणाच्या तोंडी आहे, हा भेद समाज करू शकतो. कायद्याला तो करता आला नाही.