दिनविशेष : ७ नोव्हेंबर
१९५० : अमेरिकेतील पहिल्या कृष्णवर्णीय महिला न्यूरोसर्जन डॉ. अलेक्सा कॅनडी यांचा मिशिगनमधील लान्सिंग येथे जन्म. गणित शिकायला गेलेल्या अलेक्सा एका उन्हाळी उपक्रमात जनुकशास्त्राच्या संपर्कात आल्या आणि वैद्यकाकडे वळल्या. १९७५ मध्ये त्या एम. डी. झाल्या; १९८७ ते २००१ डेट्रॉईटच्या चिल्ड्रन्स हॉस्पिटल ऑफ मिशिगनमध्ये न्यूरोसर्जरीच्या विभागप्रमुख होत्या.

‘पहिल्या’ या बिरुदाखाली त्यांचे संशोधन मात्र झाकले जाते. जलशीर्ष, म्हणजे मेंदूत पाणी साचून बाळाचे डोके वाढण्याचा विकार, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. हे पाणी शंट नावाच्या बारीक नळीने पोटात उतरवतात. पण मूल उभे राहिले की नळीतला द्रव स्वतःच्याच वजनाने खाली ओढला जातो आणि मेंदूतून गरजेपेक्षा जास्त पाणी निघून जाते. हा जादा निचरा आवरणाऱ्या, हवा तसा जुळवून घेता येणाऱ्या शंटच्या पेटंटवर कॅनडी यांचे नाव आहे. निवृत्तीनंतर त्या फ्लोरिडातील पेन्साकोला येथे गेल्या. तिथे लहान मुलांचा न्यूरोसर्जन जवळपास कोणी नव्हता; त्यांनी अर्धवेळ काम पुन्हा सुरू केले.