मुरुमांचं औषध सुरकुत्यांवर कसं आलं? ट्रेटिनॉइनची गोष्ट

“डॉक्टर, वय झालं, चेहरा असा होणारच ना?” पन्नाशीच्या आसपासचे पेशंट हा प्रश्न हमखास विचारतात. मी त्यांना दंडाची आतली बाजू आणि हाताची मागची बाजू शेजारीशेजारी धरून बघायला सांगतो. मनगटाकडे डाग, खरखरीतपणा, बारीक सुरकुत्या दिसतात. दंडाच्या आत मात्र मऊ, एकसारखी त्वचा असते. दोन्ही ठिकाणच्या त्वचेचं वय तेवढंच आहे, फरक आहे तो उन्हाचा.

ही गोष्ट डॉक्टरांच्या लक्षात येऊन सव्वाशे वर्षं होऊन गेली. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग या बंदराच्या शहरात डॉ. पॉल उन्ना यांनी 1894 मध्ये खलाशांच्या त्वचेचं वर्णन करून ठेवलं. सतत उघड्यावर काम करणाऱ्या या माणसांची चेहऱ्याची आणि मानेची कातडी जाड, रापलेली आणि चिरा पडल्यासारखी होती. अशी त्वचा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, की तिला लवचिक ठेवणारे तंतू गुंता झालेल्या लोकरीसारखे गोळा झालेले दिसतात. अगदी अलीकडे, 2012 मध्ये, एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात 69 वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो छापून आला होता. 28 वर्षं खिडकीशी बसून गाडी चालवल्यामुळे त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी म्हातारी दिसत होती. ‘यूव्हीए’ किरण काचेतून आत येतात. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, एवढाच काय तो फरक!

तरीही विसाव्या शतकाचा बराच काळ सुरकुत्या म्हणजे वय, असंच बहुतेक डॉक्टर मानत. हे बदलण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, ते फिलाडेल्फियाचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. आल्बर्ट क्लिगमन. उन्हाने होणारी मोडतोड तरुणपणीच सुरू होते, हे त्यांनी 1969 मध्ये दाखवलं. त्याच वर्षी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनणारं एक आम्ल मुरुमांवर लावून पाहिल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. हेच ट्रेटिनॉइन. ‘रेटिन-ए’ या नावाने ते 1971 मध्ये अमेरिकेत मुरुमांचं औषध म्हणून बाजारात आलं. पुढे मध्यमवयीन स्त्रिया ते लावू लागल्या आणि मुरुमांबरोबर त्वचाही गुळगुळीत झाल्याचं सांगू लागल्या. क्लिगमन यांनी ते मनावर घेतलं.

पण इथे थांबून एक गोष्ट सांगायलाच हवी. क्लिगमन यांचं बरंचसं संशोधन होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर झालं, आणि ट्रेटिनॉइनच्या सुरुवातीच्या चाचण्याही त्यात येतात. 1951 ते 1974 अशी तेवीस वर्षं हे चाललं. यातले बहुसंख्य कैदी कृष्णवर्णीय होते, अनेक जण तर खटला सुरू होण्याची वाट पाहत होते. थोड्या डॉलर्ससाठी ते पाठीवर रसायनं लावून घेत. डायऑक्सिनसारख्या विषारी द्रव्याचाही प्रयोग झाला. आपल्याला काय लावलं जातंय हे त्यांना नीट सांगितलेलं नसे. क्लिगमन 2010 मध्ये गेले, त्यांनी आयुष्यभर या प्रयोगांचं समर्थनच केलं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेने 2021 मध्ये आणि फिलाडेल्फिया शहराने 2022 मध्ये माफी मागितली, तेव्हा यातले कितीतरी कैदी हयात नव्हते. औषध चांगलं निघालं म्हणून ते सारं माफ होतं, असं मला वाटत नाही.

आता औषध खरंच किती चांगलं? 1986 मध्ये क्लिगमन यांनी उन्हाने बिघडलेल्या त्वचेवरचे निकाल छापले. त्यानंतर मिशिगन विद्यापीठात नेमकी चाचणी झाली. 30 जणांच्या एका हातावर ट्रेटिनॉइन आणि दुसऱ्यावर औषध नसलेलं क्रीम, असं 16 आठवडे लावलं. कुठल्या हाताला काय लागतंय हे ना पेशंटला माहीत, ना तपासणाऱ्याला. औषध लावलेल्या हातांवर सुधारणा दिसली. मात्र 92 टक्के लोकांना लाली, खाज, साली निघणं असा त्रासही झाला. जानेवारी 1988 मध्ये हा निबंध आला आणि अमेरिकेत झुंबड उडाली. अभ्यास तीस माणसांचा, बातमी मात्र तारुण्याच्या ट्यूबची!

सुरकुत्यांसाठी औषधाला तेव्हा सरकारी मान्यता नव्हती, त्यामुळे त्या कामासाठी कंपनीने त्याचा प्रचार करणं बेकायदा होतं. तसा प्रचार झाला का, याची चौकशी सुरू झाली तेव्हा ऑर्थो या उत्पादक कंपनीत कागदपत्रं नष्ट केली गेली. 1995 मध्ये कंपनीने तो गुन्हा कबूल केला आणि दंड व खर्च मिळून 75 लाख डॉलर भरले. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘रेनोव्हा’ नावाने 0.05 टक्के ट्रेटिनॉइनला मान्यता मिळाली. माहितीपत्रकात मात्र स्पष्ट लिहावं लागलं, की हे क्रीम सुरकुत्या नाहीशा करत नाही आणि उन्हाने झालेली हानी उलटवत नाही. बारीक सुरकुत्या, डाग आणि खरखरीतपणा कमी व्हायला मदत होते, तीही उन्हापासून जपणाऱ्यांनाच.

मधल्या काळात, 1993 मध्ये, मिशिगनच्याच गटाने त्वचेचे तुकडे तपासले होते. उन्हामुळे घटलेली कोलॅजनची निर्मिती दहा-बारा महिन्यांच्या वापराने 80 टक्के वाढली होती. म्हणजे परिणाम खरा आहे, पण महिन्यांनी मोजायचा. दोन आठवड्यांत “फरक नाही” म्हणून ट्यूब फेकणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. पुढच्या अभ्यासात 0.025 टक्क्याचं सौम्य क्रीमही 0.1 टक्क्याइतकंच उपयोगी आणि कमी त्रासदायक ठरलं. म्हणून मी सौम्य क्रीमपासून सुरुवात करतो. रात्री मटारच्या दाण्याएवढं क्रीम, तेही आधी एक दिवसाआड. गर्भवतींनी किंवा गर्भधारणेचा विचार असणाऱ्यांनी ते लावू नये. सकाळी सनस्क्रीन हवंच. ऑस्ट्रेलियात साडेचार वर्षं रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांमध्ये त्वचेचं म्हातारपण 24 टक्के कमी आढळलं होतं.

आपल्या सावळ्या त्वचेत ऊन आधी डागांतून दिसतं, सुरकुत्या उशिरा येतात. त्यामुळे क्लिगमन यांचं आणखी एक काम आपल्या घरात शिरलं आहे. 1975 मध्ये त्यांनी डागांसाठी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड यांचं मिश्रण सुचवलं. देखरेखीखाली थोडे आठवडे वापरायचं ते औषध. त्याच धर्तीची मिश्रणं आपल्याकडे गोरं करणारं क्रीम म्हणून मेडिकलमधून, पार्लरमधून, शेजारणीच्या सांगण्यावरून वर्षानुवर्षं वापरली गेली. पहिल्या महिन्यात चेहरा उजळतो. मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसतात, पुरळ येतं, हनुवटीवर केस वाढतात. 2018 मध्ये सरकारने स्टिरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी अशा ट्यूब घेऊन पेशंट अजून येतात.

घरातल्या क्रीमच्या ट्यूबवरची बारीक अक्षरं आज एकदा वाचा. मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल यांपैकी काही दिसलं तर ते स्टिरॉइड आहे. महिनोन्‌महिने लावत असाल तर एकदम बंद करू नका, चेहरा भडकतो आणि माणूस घाबरून पुन्हा तीच ट्यूब उघडतो. ती ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, ते क्रीम टप्प्याटप्प्याने कसं सोडायचं ते सांगतील.