जळून गेलेली चित्रं, उरलेले छाप

रॉबर्ट गिलची कबर भुसावळला आहे. आपल्याकडे त्याची ओळख म्हणजे ‘अजिंठा’ सिनेमातला पारोचा गोरा चित्रकार. पारोची गोष्ट बरीच सांगून झालीय. मला रस आहे तो त्याच्या चित्रांचं पुढे काय झालं यात. ठसा कोरून छाप काढण्याचा छंद लावून घ्यायचा म्हटलं, की पहिल्याच दिवशी प्रश्न येतो: लाकूड, दगड, तांबं की लिनो? यूट्यूबवर त्याचं उत्तर सामानाच्या किमतीवरून मिळतं. जळगावहून तासा-दीड तासावर असलेल्या अजिंठ्याच्या नकलांचा इतिहास वेगळं उत्तर देतो.

१८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीनं मद्रास फौजेतल्या गिलला भित्तिचित्रांच्या नकला करायला पाठवलं. अंधाऱ्या लेण्यांत तो वर्षानुवर्षं मोठमोठे कॅनव्हास तैलरंगात रंगवत राहिला. ते लंडनला गेले, क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडले गेले आणि १८६६च्या आगीत मोजके सोडून बाकी जळाले. आमच्या भाषेत सांगायचं तर सिंगल कॉपी, बॅकअप नाही.

पण एक बॅकअप नकळत झाला होता. १८५६मध्ये लंडनला ‘लाइफ इन एन्शंट इंडिया’ नावाचं पुस्तक निघालं होतं. त्यात गिलच्या नकलांवरून कोरलेली छोटी काळी-पांढरी चित्रं होती, लाकडी ठशांवरून छापलेली. पुस्तकाच्या जितक्या प्रती, तितके छाप. त्यामुळे एका इमारतीच्या आगीत ती संपणं शक्यच नव्हतं. प्रकाशकांना लाकूड आवडायचं त्याचं कारण साधं होतं: शाई लागते ती न कोरलेल्या उंच भागाला, अगदी खिळ्यांसारखी. म्हणून मजकूर आणि चित्र एकाच यंत्रावर, एकाच दाबात निघे. गेले ते रंग. राहिली ती रेषा. अजिंठ्याचा जीव रेषेतच आहे असं माझं मत, त्यामुळे हा सौदा मला वाटतो तितका तोट्याचा नाही.

गंमत म्हणजे हे सगळं पुन्हा एकदा घडलं. मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला येत राहिले. सुमारे ३०० नकला झाल्या, लंडनला गेल्या, आणि १८८५मध्ये तिथल्या साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात लागलेल्या आगीत शंभराहून जास्त जळाल्या किंवा खराब झाल्या. मग १८९६-९७मध्ये ग्रिफिथ्सचे दोन मोठे खंड आले. या वेळी काही चित्रं रंगीत होती, शिळाछापाची.

शिळाछाप म्हणजे चुनखडीच्या सपाट दगडावर तेलकट खडूनं चित्र काढायचं. ओल्या दगडाला शाई लागत नाही, खडूच्या रेघेला लागते. यात कोरणं नाही, त्यामुळे गालावरची हलकी सावलीसुद्धा उतरते. मात्र प्रत्येक रंगाला वेगळा दगड. आजीच्या देवघरातली जुनी रविवर्मा लक्ष्मी अशाच दगडांवरून आली. राजा रविवर्मांनी १८९४मध्ये मुंबईत छापखाना काढला तेव्हा दगड, यंत्रं, कारागीर असा सगळा संसार मांडावा लागला. वन बीएचकेमध्ये ते जमायचं नाही. तांब्याच्या पत्र्यावरच्या एचिंगला आम्ल लागतं आणि जड रोलरचं प्रेस. तेही सोडून द्या.

उरतो लिनो. १८६०च्या दशकात इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टननं जवसाचं तेल आणि बुचाचा भुगा वापरून हे जमिनीवर अंथरायचं आवरण बनवलं. पुढे चित्रकारांनी ते उचललं, कारण त्याला लाकडासारखे तंतू नसतात आणि चाकू कुठल्याही दिशेला वळतो. आपल्याकडे ते गाजवलं नंदलाल बोस यांनी. तरुणपणी, १९०९ ते १९११ दरम्यान, लेडी हेरिंगहॅमच्या तुकडीतून तेही अजिंठ्याला नकला करायला आले होते. १९३०मध्ये त्यांनी काठी घेऊन दांडीला निघालेले गांधीजी लिनोत कोरले: काळी पार्श्वभूमी, थोड्या पांढऱ्या रेषा. त्याच वर्षी रवींद्रनाथांच्या ‘सहज पाठ’ या बालपुस्तकातही त्यांच्या लिनोचित्रांनी मुळाक्षरांना सोबत केली. आणि १९३६च्या डिसेंबरात फैजपूरला, काँग्रेसच्या पहिल्या ग्रामीण अधिवेशनाला, बांबूसारख्या स्थानिक सामानातून नगर सजवायला गांधीजींनी बोलावलं ते यांनाच. आपला फैजपूर, यावल तालुक्यातला.

गिलचा कॅनव्हास आणि नंदलाल बोस यांचा लिनो शेजारी ठेवून बघा. एकाला सगळंच वाचवायचं होतं. दुसऱ्यानं काय टाकायचं ते आधी ठरवलं आणि छाप हवे तितके काढता येतील असं साधन घेतलं. मला दुसरं पटतं. तुमचा जीव पोतात किंवा सावलीत अडकला असेल, तर मात्र लिनो तुम्हाला चिडवेल. मग जवळच्या कला महाविद्यालयात प्रेस वापरायला मिळतं का ते विचारा.

खानदेशाचा एक फायदा तेवढा सांगतो. थंड गावांतले लोक लिनो मऊ करायला इस्त्री फिरवतात. आपण मे महिन्यात तो पाच मिनिटं गच्चीवर ठेवायचा, लोण्यासारखा कापतो. शाई मात्र तेलाची घ्या. पाण्याची रोलरवरच वाळते. प्रेसही लागत नाही. पातळ कागद ठशावर पसरायचा आणि स्टीलच्या डावाच्या पाठीनं घासायचं.

सध्या मी पहिल्या लेण्यातला पद्मपाणी कोरतोय. अंगावरची छटा सोडून दिलीय. भुवई, डोळा आणि हातातलं कमळ एवढंच. वीस छाप काढून वेगवेगळ्या गावांतल्या मित्रांकडे पाठवणार आहे.